माल द्यायची रांग

विडी वळताना हात गुंततात, नजर सुपात गुंतते, कान आणि तोंड मात्र मोकळं राहतं. विडी कामगारांचा इतिहास सांगायचा तर मी तो इथूनच सुरू करेन. मजुरीचे दर आणि कायद्याची कलमं मागाहून. यंत्राचा आवाज नाही, हलायचं नाही, दिवसाचे आठ-दहा तास एका जागी बसून राहायचं, अशा कामात माणसं बोलणारच. आणि बोलायला लागली की हिशेबही मांडणार.

क्युबातल्या हवाना शहरात 1865 मध्ये सिगार वळणाऱ्या कामगारांनी कारखान्यात एक वाचक बसवला. बाकीच्यांनी वळायचं, त्यानं वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मोठ्यानं वाचायची, आणि त्याचा पगार कामगारांनी आपल्या खिशातून द्यायचा. पुढच्याच वर्षी तिथल्या स्पॅनिश सरकारनं त्यावर बंदी आणली. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कामगारांनीही हेच केलं. एकानं पेपर वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्यायच्या. त्या कारखान्यांमधून केरळातली कामगार चळवळ उभी राहिली. वाचून दाखवणं राहू द्या, नुसत्या गप्पासुद्धा मालकाला परवडत नाहीत, हे या धंद्यानं जगभर पाहिलं आहे.

निपाणीत असा वाचक कुणी नेमल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इथं बायकाच बोलायच्या. मी या गावात जन्मले, इथंच हायस्कुलात इतिहास शिकवला, आणि पोरांना क्रांत्या शिकवताना माझ्या मनात कायम आमच्या गल्लीतला ओटा असायचा. माझी आई विडी वळायची. शेजारची आक्का वळायची, समोरची भाभी वळायची. आज घरून काम करणाऱ्या मुलामुलींबद्दल फार बोललं जातं. सहकाऱ्यांशी सहज होणारं बोलणं तुटलं, एकटं वाटतं, काय चाललंय ते कळत नाही, असं ही मुलं सांगतात. ते खरं आहे. पण मालकानं घरी बसवलेल्या माणसांनी आपसातलं बोलणं कसं राखलं, याचा जुना अनुभव आमच्या गावाकडे आहे आणि तो कुणी फारसा लिहून ठेवलेला नाही.

निपाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुप्पट लांब. रेल्वे नाही. भोवती काळी जमीन, आणि त्या जमिनीत विडीची तंबाखू. गुजरातेतलं चरोतर आणि आमची निपाणी, ही विडीच्या तंबाखूची देशातली दोन मोठी नावं. पावसाळ्यात लावण, थंडी सरता सरता कापणी, रानातच उन्हात वाळवण, मग पोती वखारीत. वखारीत बायका ती तंबाखू झोडायच्या, चाळायच्या, काडी वेगळी काढायच्या. खकाणा एवढा उडायचा की तोंडाला फडकं घट्ट बांधल्याशिवाय उभं राहता येत नसे. वखारीत बोलणं बंद असायचं ते मुकादमाच्या धाकानं आणि त्याहून जास्त या फडक्यानं. तिथल्या बायका बोलायच्या त्या कामावर जातायेताना, रस्त्यानं. पहाटे चौघी-पाचजणी मिळून निघायच्या आणि दिवेलागणीला खोकत खोकत परत यायच्या. आईच्या सुपातली तंबाखू याच वखारींतून यायची, हे मला बरंच मोठं झाल्यावर नीट उमगलं.

विडीचं पान आमच्याकडचं नाही. टेंभुर्णीचं पान उन्हाळ्यात विदर्भाच्या, मध्य प्रदेशाच्या, ओडिशाच्या जंगलात तोडतात. ते वाळलेलं येतं. आदल्या रात्री पाण्यात भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं. सकाळी पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापाचं पान कापायचं, जाड शिरा टाळायच्या. मग मांडीवर सूप. डाव्या हातात पान, उजव्या हातानं चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, बोटांनी वळायचं, तोंड आत दुमडायचं, दोरा दोन फेरे, ओढून तोडायचा. पंचवीस विड्यांचं एक बंडल, चाळीस बंडलांचे हजार. हजाराला ठरलेल्या वजनाचं पान आणि ठरलेली तंबाखू मिळे. पान किडकं निघालं तर हजार भरत नसत, आणि कमी पडलेलं पान आपल्या पैशानं बाजारातून आणून भरती करावी लागे. आईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक दोऱ्यानं कापून कापून कडक झालं होतं. भात कालवताना ती ते बोट जरा वर धरायची.

लग्न होऊन आई निपाणीत आली तेव्हा ती एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन विड्या वळायची. पंचवीस-तीस बायका समोरासमोर ओळीत बसायच्या. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला ती शेड बंद झाली आणि काम घरात आलं. या प्रकाराला विडीच्या धंद्यात जुनं नाव आहे, घरखातं. आईला वाटलं, बरं झालं, पोरांकडं बघता येईल. तिला असं वाटण्यात चूक काहीच नव्हतं. पण शेडी का बंद होत होत्या ते समजून घ्यायला हवं.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांचा कायदा आला, तसा विडीवाल्यांनी एक मुद्दा कोर्टात लावून धरला: हे कामगार आमचे नव्हेतच. ते मनाला येईल तेव्हा येतात, मनाला येईल तेव्हा जातात, नगावर पैसे घेतात. नागपूरच्या एका खटल्यात, 1960-61 च्या सुमाराला, सर्वोच्च न्यायालयानं हे ऐकलं नाही. येण्याजाण्याची मुभा असली तरी वाईट विडी बाद करायचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर देखरेख त्याचीच आहे, म्हणून हा कामगार, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. मुकादम डोक्यावर उभा असण्याची गरज नाही. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी माल बाद करणारा हात असला की पुरे, हुकूम तोच चालवतो. पुढं 1966 मध्ये विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून पान-तंबाखू घेऊन घरी वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार धरली गेली. मालक पुन्हा कोर्टात गेले. मंगळूर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात 1974 मध्ये तो कायदा टिकला. पण मधल्या काळात काम शेडीतून घरात जातच होतं. केरळात तर 1968 मध्ये याच कंपनीनं आपले कारखानेच बंद केले, हजारो लोक उघड्यावर आले, आणि त्यातून 1969 मध्ये कण्णूरची दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी राहिली.

घरखात्यात मालकाचं भाडं वाचलं, दिवाबत्ती वाचली, पाळणाघर, प्यायचं पाणी, संडास, सगळं वाचलं. हे कुठल्याही अहवालात सापडेल. मला त्यापुढचं सांगायचं आहे. पंचवीस बायका समोरासमोर बसत होत्या, त्या पंचवीस घरांत गेल्या. एकीला किती बाद, दुसरीला किती, कुणाला पान चांगलं मिळालं, कुणाच्या वहीत हजाराऐवजी नऊशे मांडले, हे शेडीत न विचारता कळायचं. आता ते कळेना. बाईला वाटू लागलं की बाद होतायत ते आपल्याच हाताच्या खोटीनं. मालकाचा सगळ्यात मोठा नफा हा होता.

बायकांनी यावर जो तोडगा काढला तो कुणी शिकवलेला नव्हता. दुपारची भांडी झाली की सुपं घेऊन त्या आमच्या ओट्यावर यायच्या. प्रत्येकीचं पान वेगळं, तंबाखू वेगळी, वही वेगळी. एकत्र बसायची कुणी सक्ती केलेली नव्हती आणि त्यानं एक विडीही जास्त होत नव्हती. तरी त्या यायच्या. आक्का कन्नड घरातली, भाभी दखनी बोलणारी, बाकीच्या मराठी. तिन्ही भाषांचं मिळून एकच बोलणं चाले. भाभीनं दखनीत विचारायचं, आक्कानं कन्नड मिसळून उत्तर द्यायचं आणि आईनं मराठीत त्याच्यावर मत द्यायचं. सीमाप्रश्नावर मोठमोठी माणसं बोलत होती. 1956 मध्ये आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूरला जोडला, 1967 च्या अहवालात महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं, पण ती गेली नाही. घराघरात त्याचं दुःख होतं, आमच्याही घरात होतं. ओट्यावर मात्र आक्काला परकं मानलेलं मी कधी पाहिलं नाही. दोरा संपला की तीच द्यायची.

रेडिओ खिडकीत असायचा. धारवाडचं केंद्र जुनं, सांगलीचं 1963 मध्ये सुरू झालेलं. दोन्ही लागायची. बातम्या लागल्या की हात चालू आणि तोंडं बंद. हवानातल्या कामगारांनी पगार देऊन जे करून घेतलं ते आमच्याकडे या खिडकीतून झालं.

सोलापूर हे विडीचं आमच्यापेक्षाही मोठं गाव. माझी मावशी तिथं दिलेली, तीही वळायची. तिचं पोस्टकार्ड यायचं. अर्ध्या कार्डात सगळ्यांची खुशाली, पोराची दहावी, सासूचं दुखणं, आणि खाली एका ओळीत हजाराचा दर. आई ते कार्ड ओट्यावर वाचून घ्यायची, माझ्याकडून. प्रत्येक राज्य किमान वेतन आपापलं ठरवतं, त्यामुळं त्याच विडीला सीमेच्या अलीकडं एक मोल आणि पलीकडं दुसरं. ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्याआधी आईला त्या कार्डावरून ठाऊक होती. ‘तिकडं वाढलंय बघ,’ असं ती म्हणाली की ओट्यावर थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. मग आक्का विचारायची, ‘आमाला कवा?’ कार्ड लिहिणाऱ्या मावशीला आपण काही संघटनेचं काम करतोय असं स्वप्नातही वाटलं नसेल. ती बहिणीला खुशाली कळवत होती.

आणि रांग. माल द्यायची वेळ सकाळची. बंडलं फडक्यात बांधून, टोपलीत घालून बायका ठेकेदाराच्या दारात उभ्या राहायच्या. आत खिडकीशी तपासणारा बसलेला. तो बंडल उचलून हलवायचा, एखादी विडी दाबून बघायचा, सैल वाटली की मूठभर बाजूला काढायचा. बाजूला काढलेल्याचे पैसे नाहीत आणि त्या विड्या परतही मिळत नसत. त्या कुठं जात, हा प्रश्न रांगेत रोज विचारला जाई आणि खिडकीशी कुणी विचारत नसे. सुट्टीत मी आईबरोबर जायची. पहिली बाई माल देऊन बाहेर आली की मोठ्यानं म्हणायची, ‘आज ऊन लई हाय गं.’ भर पावसाळ्यातसुद्धा! ऊन लई म्हणजे तपासणारा आज घुश्शात आहे. लगेच रांगेतल्या बायका खाली बसायच्या, टोपल्या उघडायच्या, सैल बंडलं तळाला घालायच्या किंवा दोरा ओढून नीट करायच्या. ‘वारं सुटलंय’ म्हटलं की निवांत. हा संकेत कधी ठरला, कुणी ठरवला, आईलाही सांगता आलं नाही.

त्या रांगेत काय नव्हतं? मुलीची सोयरीक तिथं जमली, भिशी तिथं चालली, कुणाचा नवरा दारू पिऊन मारतो ते तिथं कळलं आणि कुणाच्या घरी दोघींनी जाऊन बसायचं ते तिथं ठरलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बायका वेळ घालवतायत. ठेकेदारालाही तसंच वाटायचं, म्हणून ती रांग टिकली. कामाचं बोलायला म्हणून बैठक बोलावली असती तर दुसऱ्या दिवशी चौघींचं पान बंद झालं असतं. लग्नाचं, दुखण्याचं, भाजीच्या भावाचं बोलणं चालू असताना त्यातच मजुरीचं बोलणं बेमालूम चालायचं.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटाला निपाणीत तंबाखू कामगार बायकांची संघटना उभी राहिली, चिकोडी तालुका कामगार महासंघ. प्रा. सुभाष जोशी तिचे पुढारी, देवचंद कॉलेजात शिकवणारे. हे कॉलेज निपाणीला खेटून अर्जुननगरला आहे, पण ते येतं कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. प्राध्यापक महाराष्ट्रात शिकवायचे आणि संघटना कर्नाटकात बांधायचे, मधे रस्त्याची थोडीशी चाल. अनिल अवचट येऊन या बायकांवर लिहून गेले. बेंगळुरूच्या युगांतर या स्त्रीवादी गटानं, दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली, 1982 मध्ये वखारीतल्या बायकांवर फिल्म केली. हे सगळं नोंदलेलं आहे आणि जोशी सरांचं मोठेपण मला मान्यच आहे. पण सभेला बायका आल्या कशा? हँडबिल वाचता येणाऱ्या थोड्या होत्या. रस्त्यानं जाताना वखारीतली बाई आमच्या ओट्याशी पाणी प्यायला थांबायची, तिच्याकडून ओट्याला कळायचं, ओट्याकडून रांगेला, आणि रांगेतून गावभर. पंधरा वर्षं जे बोलणं सोयरिकीचं आणि भाजीचं म्हणून चाललं होतं, त्याच वाटेनं सभेचा निरोप गेला.

मार्च 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर येऊन बसले. शरद जोशींची शेतकरी संघटना, आणि आमच्या भागातल्या गावागावांतली माणसं. हजारोंनी रस्त्यावरच मुक्काम केला, त्या वस्तीला आंदोलननगर म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांनी भाकरी पाठवल्या. त्यात विचार करण्यासारखं एक होतं: तंबाखूला भाव मिळाला तर मालक मजुरी दाबेल का, हा वाद ओट्यावर दोन दिवस चालला. भाभी म्हणाली, त्याला भाव न्हाई म्हणून आपल्याला मजुरी न्हाई, असं मालक आजवर सांगत आलाय, आता बघू. आणि तिनं पिठाचा डबा काढला. 6 एप्रिलला गोळीबार झाला. बारा शेतकरी मेले. आमच्या गल्लीला ते रेडिओवरून कळलं नाही. माल द्यायला गेलेल्या बायका रांग सोडून पळत परत आल्या, त्यांच्या तोंडून कळलं. टोपल्या तशाच भरलेल्या होत्या.

माझी सून बेळगावात राहते आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. 2020 च्या टाळेबंदीत सुरू झालं ते अजून चालू आहे. कंपनी वाईट नाही. त्यांच्यात दर शुक्रवारी चहाची वेळ ठेवलेली आहे, पडद्यावर सगळ्यांनी आपापला कप घेऊन यायचं आणि कामाखेरीज बोलायचं. मी एकदा शेजारच्या खोलीतून ते ऐकलं. सगळे छान बोलत होते, पावसाबद्दल आणि सिनेमाबद्दल. साहेबही होते. नंतर मी तिला विचारलं, पगारवाढ कुणाला किती झाली ते कळलं का? ती म्हणाली, ‘आई, ते असं नाही विचारत.’ मग दुसऱ्याच दिवशी तिला एका मैत्रिणीचा फोन आला, कंपनीच्या यंत्रावर नव्हे, स्वतःच्या, आणि ती गच्चीवर जाऊन अर्धा तास बोलली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. तिला कळलं होतं.

मला तिच्या पिढीला कळकळीनं सांगावंसं वाटतं की मालकानं ठरवून दिलेल्या वेळी, मालकाच्या जागेत, त्याला ऐकू जाईल असं जे बोलणं होतं, ते कितीही गोड असलं तरी ती आमची रांग नव्हे. रांगेतला तपासणारा खिडकीच्या आत होता आणि त्याला फक्त ‘ऊन लई हाय’ एवढंच ऐकू येत होतं. घरून काम करणाऱ्यांनी आपसात निरर्थक बोलायची सवय सोडू नये. आमच्या बायकांचा दर, अब्रू आणि जीव त्या सवयीनं राखला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1996 मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला. घरी काम करणाऱ्याला संघटना करण्याचा हक्क त्यात पहिल्या हक्कांमध्ये घातला आहे. भारतानं त्यावर अजून मोहोर उठवलेली नाही.

विडी आता उतरली आहे. ती उतरावी, कारण ती ओढणाऱ्याला मारते आणि वळणारीच्या छातीत घर करते; आईचा खोकला मी शेवटपर्यंत ऐकला. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा विडीवरचा उपकर गेला, ज्यातून कामगारांच्या दवाखान्याला आणि पोरांच्या शिष्यवृत्तीला पैसा जायचा. तरण्या पोरी हे काम शिकत नाहीत. ज्या वळतात त्या पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचा फोनवर एक गट आहे. टाइप करणं जमत नाही आणि हातही मोकळे नसतात, म्हणून बोलून पाठवतात. फोन भिंतीला टेकवलेला, सूप मांडीवर, आणि एकीमागून एकीचा आवाज येत राहतो: पान आलंय, पान कच्चं हाय, नातीला ताप हाय, आज मी माल देणार न्हाई.

मधे ठेकेदारानं माल गोळा करायला घरोघर रिक्षा पाठवायला सुरुवात केली. बायकांची पायपीट वाचली. पण रांग गेली, आणि बाद किती झाले ते दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर कळायला लागलं. चार-सहा महिन्यांत प्रत्येकीची चिठ्ठी वाढली. फोनवरच्या गटात त्यांनी आकडे बोलून दाखवले, एकीचे दुसरीला ऐकू आले, आणि मग त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं की दारोदार फिरू नकोस, मारुतीच्या देवळापाशी थांब, आम्ही तिथं घेऊन येतो. त्याचं डिझेल वाचणार होतं, तो कशाला नको म्हणेल? आता सकाळी दहाला बारा-तेरा बायका तिथं उभ्या असतात. आदल्या दिवसाच्या चिठ्ठ्या त्याच्याकडून घेऊन माझ्याकडं देतात, मी मास्तरीण म्हणून. मी एकेक नाव घेऊन बाद झालेला आकडा मोठ्यानं वाचते आणि पुढची बाई स्वतःचा आकडा ऐकायच्या आधी मागचीला विचारते, ‘पान कुठल्या पोत्यातलं हुतं गं तुझं?’